साहेबांची हिरवळ

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून जर्मनीतल्या बागांवर लेख हवा होता. इथल्या मराठी मंडळींत मी 'नगरपालिकेच्या उद्यान विभागात' आहे अशी माहिती आहे. ती बरोबरही आहे. आमचा विभाग उद्यानांचाच, फक्त माझ्या वाट्याचं उद्यान म्हणजे गावाची दफनभूमी. तिथे मी माळीण आहे. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होईन. संपादकांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दिवाळी अंकात... बरं, लिहा. पण फार उदास नको." तेवढं वचन मला देता आलं नाही.

पुण्यात मी ग्रंथालयात होते. इंग्रजी घेऊन एम.ए. केलेलं. नवऱ्याच्या, सुहासच्या, नोकरीमुळे आम्ही आधी वोल्फ्सबुर्गला आलो, मग या लहान गावात. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी इथे एके काळी युरोपभरचे आजारी श्रीमंत येत. ग्रंथालयात काम मिळावं इतकं माझं जर्मन तेव्हा चांगलं नव्हतं. झाडांना जर्मन लागत नाही, म्हणून बागकामाचा अभ्यासक्रम केला आणि जिथे जागा रिकामी होती तिथे लागले.

बाहेरच्यांसाठी थोडं कामाबद्दल सांगते. जर्मनीत कबर विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. वीस-पंचवीस वर्षांची मुदत असते. मुदत संपली की घरच्यांनी ती वाढवायची. कोणी आलं नाही तर आम्ही दगडावर पिवळी चिठ्ठी चिकटवतो की कृपया कार्यालयात भेटावे. वर्षभर वाट पाहतो. मग दगड उचलतो, कडेच्या पट्ट्या काढतो, जमीन सपाट करून गवत पेरतो. माणूस खालीच राहतो. तो तिथे आहे हे सांगणारं वर काही उरत नाही.

एरवीचं काम ऋतूंप्रमाणे चालतं. वसंतात पॅन्सी, उन्हाळ्यात बेगोनिया, थंडीच्या तोंडावर हीथर आणि वर फरच्या फांद्या. बर्फ वितळलं की आम्ही प्रत्येक दगडाला हात लावून जोर देऊन पाहतो. गारठ्याने पाया सैल झालेला असतो आणि दगड कोणाच्या अंगावर पडू शकतो. पहिल्या वर्षी हे काम मला जमेना. दगडाला हात लावण्याआधी मी नकळत पायातले बूट काढायला वाकत असे. सोबतचे लोक थांबून बघायचे. पुढे बूट राहिले, वाकणं मात्र गेलं नाही. अजून किंचित वाकते आणि मग ढकलते.

इथे येणारे लोक घरी असतील तसेच इथेही असतात. एक बाई दर शनिवारी फूटपट्टी घेऊन येत आणि शेजारच्या कबरीवरच्या बेगोनिया नवऱ्याच्या हद्दीत आल्यात का ते बघत. "घरीसुद्धा त्यांनी शेजाऱ्याचं कुंपण कधी आत येऊ दिलं नाही," त्या मला म्हणाल्या. एका गृहस्थांनी स्वतःसाठी जागा आधीच घेऊन ठेवली होती. दुपारी घडीची खुर्ची टाकून ते तिथे बसत. ऊन कुठवर येतं ते पाहायचं होतं. ऊन त्यांना पसंत पडलं नाही, त्यांनी जागा बदलून घेतली.

सासूबाई एकदा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना कामाची जागा दाखवायला नेलं. बाकं, कारंजं, लाल काचेतले दिवे, सगळं त्यांनी नीट पाहिलं. बाहेर पडताना म्हणाल्या, "स्वच्छ आहे हो. पण गेलेल्या माणसाला जाऊ द्यावं. हे लोक त्याला दारात धरून ठेवतात."

"आई, त्यांना भेटायला जागा लागते."

"आपल्याला कुठे लागते?" त्या म्हणाल्या. घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याआधी आम्ही दोघींनी आंघोळ केली. ती तर मी रोजच करत होते.

आता साहेबांबद्दल.

जुन्या भागात, भिंतीलगत, एका इंग्रजाची कबर होती. वालुकाश्माचा दगड, शेवाळ चढलेला, आणि खाली कोरलेली टेनिसची रॅकेट. रॅकेटचं तोंड जरा एका बाजूला झुकलेलं. कारागिराचा हात चुकला असावा असं मला वाटायचं, पण त्या काळी रॅकेटी तशाच असत. नाव इथे लिहीत नाही. आमच्या घरात त्यांना 'साहेब' म्हणत आणि आता मला दुसरं नाव जड जातं.

साहेब पाद्र्याचे चिरंजीव, वकिलाच्या कचेरीत कामाला. टेनिस भिंतींच्या आतून बाहेर हिरवळीवर नुकतं येत होतं, त्या काळातले. नियम अजून ठरायचे होते. जाळं किती उंच, मैदान किती रुंद, यावर मित्रांत भांडणं होत. साहेब त्यात पुढे असत. सुरुवातीच्या काही स्पर्धा जिंकले, मग तरुण मुलांकडून हरू लागले आणि हरू लागल्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढे छाती बिघडली. डॉक्टरांनी या गावाचं पाणी सुचवलं. इथे आल्यावर त्यांनी उद्यानात हिरवळ तयार करून घेतली आणि पाणी प्यायला आलेल्या लोकांना टेनिस शिकवलं. काही वर्षांनी हिवाळ्यात, सगळे पाहुणे आपापल्या देशी गेलेले असताना, ते इथेच वारले. गावातल्या टेनिस क्लबने तेव्हापासून त्यांची कबर सांभाळली.

हे मला कळलं हेर, म्हणजे श्रीयुत, ओल्टमन यांच्याकडून. ते क्लबचे जुने मैदानरक्षक. मी लागले तेव्हाच ऐंशीच्या घरात होते. दर शुक्रवारी झारी आणि खुरपं घेऊन सायकलवरून येत. मी त्या कबरीचं तण काढलं तर त्यांना आवडत नसे.

"हा माझा आहे," पहिल्या भेटीत ते म्हणाले. "तुमच्याकडे बाकी हजारभर आहेत की."

क्लबच्या एका वर्धापनदिनी कोणा शिक्षकाने साहेबांच्या आयुष्यावर लिहिलेली पातळशी पुस्तिका त्यांनी मला दिली. साहेबांचं मूळ पुस्तक मी ग्रंथालयामार्फत मागवलं. जुनी सवय. पुस्तक येईपर्यंत सुहासच्या आजाराचं निदान झालं होतं.

सुहास कॉलेजात टेनिस खेळलेला. खुर्चीत बसून त्याला तासन्‌तास शिरेतून औषध घ्यावं लागे तेव्हा मी शेजारी बसून साहेब वाचून दाखवायची. बायकांनी कोणत्या कपड्यांत खेळावं यावर साहेबांनी चार पानं खर्च केली आहेत. जाळ्याजवळ उभं राहून चेंडू खाली पडू न देता मारणं त्यांना सभ्यपणाचं वाटत नसे. सुहास डोळे मिटून ऐकायचा.

"म्हणजे साहेबांना पळवत नव्हतं," तो म्हणायचा. "वाच पुढे."

"दमलास का?"

"मी कुठे खेळतोय? वाच."

शेवटचा अध्याय हिरवळ कशी तयार करावी यावर होता. जमीन, माती, बी, दाबायचा रूळ. मी वाचू लागले तर सुहासने हात केला. "तो राहू दे. तो तुझ्या कामाचा आहे, तू सावकाश वाच." त्यानंतर वाचनाचे दिवस आले नाहीत.

त्याने सांगून ठेवलं होतं की मला इथे पुरू नका, भाड्याच्या जागेत आयुष्य गेलं, आता पुरे. त्याच्या बोलण्याची पद्धत अशीच होती. इथल्या कायद्याने अस्थी घरी ठेवता येत नाहीत, पण परदेशी नेता येतात. कागद करून, सीलबंद कलश मांडीवर घेऊन मी विमानात बसले. वाईला कृष्णेत विसर्जन केलं. दिरांनी केलं, मी पायरीवर उभी होते. पाणी थोडं होतं. काही क्षण राख तिथेच फिरली, मग गेली. सासूबाई म्हणाल्या, "मोकळा झाला." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

परत येऊन कामावर रुजू झाले तो शुक्रवार होता. हेर ओल्टमन यांनी टोपी काढून माझा हात हातात घेतला.

"कुठे ठेवलंत त्यांना?"

"नदीत."

"हो, पण नंतर? दगड कुठे लावला?"

"दगड नसतो आमच्यात."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "मग तुम्ही जाता कुठे?"

आमच्यात जावं लागत नाही, असं म्हणता आलं असतं. सासूबाईंना ते सहज आलं असतं. पण मी दिवसभर अशा लोकांमध्ये असते ज्यांना जायला जागा आहे. ते येतात, वाकतात, पाणी घालतात, दोन वाक्यं पुटपुटतात आणि हलके होऊन जातात. त्यांना झाऱ्या मी भरून देते. हेर ओल्टमन यांनी आपली झारी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "बरं तर, आज तुम्ही घाला."

तेव्हापासून शुक्रवारी साहेबांना पाणी मी घालू लागले. हेर ओल्टमन बाकावर बसत. मी दगडाकडे पाठ करून मनातल्या मनात सुहासला आठवड्याच्या गोष्टी सांगायची. आपल्या लेकीची, ईराची, परीक्षा, हीटिंगवाला आला नाही, तुझी आई फोनवर रडली. परक्या माणसाच्या कबरीपाशी आपल्या माणसाशी बोलावं, यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. पुस्तक आम्ही तिघांनी मिळून वाचलं होतं.

ईराला मी एकदा हे सांगितलं. ती बर्लिनला शिकते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं. "आई, तो परका माणूस आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाबांना इथे का नाही ठेवलंस? मी कुठे जाऊ?"

"बाबांनीच सांगितलं होतं."

"मला कोणी विचारलं नाही."

ते खरं होतं. पुढच्या वेळी आली तेव्हा ती माझ्याबरोबर साहेबांच्या कबरीशी आली. रॅकेटवरचं शेवाळ नखाने खरवडून काढलं आणि परत बर्लिनला गेली.

क्लब त्याआधीच बंद पडला होता. खेळणारे उरले नव्हते. कोर्टांवर शेजारच्या क्लिनिकचं पार्किंग झालं. साहेबांच्या कबरीची मुदत संपत आली तेव्हा ती मी माझ्या नावावर घ्यायला निघाले. आमच्या कार्यालयप्रमुख फ्राउ रीडेल यांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला.

"त्या भागात आता मुदतवाढ नाही. शवपेट्या कोणाला नको आहेत, सगळ्यांना कलश हवेत. भिंतीलगतचा पूर्ण पट्टा मोकळा करायचा आणि गवताखाली कलश ठेवायचे. ठराव झालाय."

"एक कबर राहिली तर?"

"एकच मार्ग आहे. नगरपालिकेने तिला सन्मानाची कबर म्हणून घोषित करायचं. मग ती हलवता येत नाही. अर्ज करा, मी अडवणार नाही." मग जरा खालच्या आवाजात, "तुम्हाला ती का हवी आहे, ते मला माहीत आहे. समितीपुढे ते सांगू नका. ते लोक घाबरतील."

अर्ज मी लिहिला. इतकं जर्मन मला आता येतं. समितीची बैठक राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीत, होती. हेर ओल्टमन कोट-टाय घालून आले होते. चालताना आता त्यांना आधार लागत होता.

अध्यक्षांनी मला विचारलं, "या गृहस्थांशी आपलं नातं?"

"मी त्यांची माळीण आहे," मी म्हणाले. फ्राउ रीडेल यांनी मान खाली घातली.

हेर ओल्टमन उठून उभे राहिले. "या माणसाने या गावाला टेनिस शिकवलं."

"बरोबर," एक सभासद म्हणाले, "आणि गावाने ते सोडून दिलं, हेर ओल्टमन. तुमची कोर्टं वाचवायला किती जण आले होते?"

"मी आलो होतो."

"तेच म्हणतोय मी."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियम वाचून दाखवला. हा सन्मान गावाच्या रहिवाशांसाठी आहे. साहेबांची नोंद शेवटपर्यंत पाहुणा म्हणून होती. ते पाहुण्यांचा कर भरत. शंभरहून जास्त वर्षं इथल्या मातीत राहूनही ते पाहुणेच होते. मला माझा रहिवासाचा परवाना आठवला, पण ते बोलण्याची ती जागा नव्हती. अर्ज एकमताने नामंजूर झाला.

बाहेर पायऱ्यांवर हेर ओल्टमन म्हणाले, "माझ्या आधी तो जाईल असं मला वाटलं नव्हतं." थोड्याच दिवसांत ते पडले, कमरेचं हाड मोडलं. त्यांना वृद्धाश्रमात हलवलं.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी यंत्र आलं. नियमाप्रमाणे दगड ढकलून पाहायचा असतो. मी वाकले आणि ढकलला. तो हलला नाही. त्या पट्ट्यातले कितीतरी नवे दगड हलत होते, हा घट्ट उभा होता. दगडाभोवती कापडी पट्टा गुंडाळून यंत्राने तो उचलला, तेव्हा पायाबरोबर मातीचा मोठा गोळा वर आला. असे दगड फोडून खडी करतात, रस्त्याला वापरतात. फ्राउ रीडेल यांनी रॅकेटचा तुकडा कापून मला देऊ केला. मी नको म्हटलं. घरी दगड ठेवून काय करू? मला माणूस घरी आणायचा नव्हता, जायला जागा हवी होती.

सोबतच्यांनी खड्डा भरला आणि बियांचं पोतं आणलं. आमच्याकडे गवत पेरणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, मूठ मूठ फेकायचं आणि पुढे जायचं. मी त्यांना म्हटलं, "हा तुकडा मला द्या. जरा वेळ लागेल."

घरी जाऊन पुस्तक काढलं. शेवटचा अध्याय इतकी वर्षं उघडला नव्हता. साहेब एरवी फार बोलतात, इथे मात्र मोजकं आणि स्पष्ट लिहितात. भरलेली जमीन लगेच पेरू नये, बसू द्यावी. माती हाताने चाळावी, बोटाच्या पेराएवढा खडाही ठेवू नये. दोरी ताणून सपाटी पाहावी, कारण डोळ्याला सपाट दिसणारी जमीन चेंडूला सपाट नसते. बी आधी उभं फेकावं, मग आडवं. रूळ हलका असावा आणि ओल्या मातीवर कधी फिरवू नये. पेरणीला सप्टेंबर उत्तम.

सप्टेंबर लागतच होता. मी सगळं तसंच केलं. कामाची वेळ संपल्यावर थांबून माती चाळली. पाऊस आला तेव्हा वाट पाहिली. रूळ आमच्या गोदामात होता, गंजलेला, बहुतेक क्लबनेच कधीतरी दिलेला. साहेबांच्या छातीवरून तो रूळ मी पुढे-मागे फिरवला. हे वाक्य लिहिताना कसंतरी होतं, पण त्या वेळी तसं काही वाटलं नाही. मन पूर्ण मातीत होतं. सुहास गेल्यापासून इतकं लक्ष देऊन मी काहीही केलं नव्हतं.

गवत छान आलं. बाकीच्या पट्ट्यावर ते ठिगळांसारखं उगवलं, या तुकड्यावर मात्र एकसारखं, दाट आणि बारीक. पहिली कापणी मी कात्रीने केली.

गेल्या महिन्यात हेर ओल्टमन यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले. कबर कुठे होती ते त्यांना दाखवावं लागलं नाही. ते गवताकडे बघत राहिले, मैदान पाहावं तसे, मान जमिनीच्या पातळीवर आणायचा प्रयत्न करत.

"कोणी केलं?"

"मी. त्यांच्या पुस्तकाप्रमाणे."

त्यांनी स्वेटरच्या खिशातून एक टेनिसचा चेंडू काढला. चिरा पडलेला, राखाडी झालेला. आश्रमात खुर्च्यांचे पाय वाजू नयेत म्हणून असे चेंडू खाली लावतात, त्यातलाच. हात लांब करून त्यांनी तो गवतावर सोडला. चेंडू जुना होता, फार उसळला नाही, पण सरळ वर आला, सरळ खाली गेला आणि तिथेच थांबला. कुठेही घरंगळला नाही.

"सपाट आहे," ते म्हणाले. मी चेंडू उचलून त्यांच्या हातात दिला. परवा आश्रमातून फोन आला की ते गेले. त्यांनी स्वतःसाठी गवताखालची जागा मागितली होती, नाव नको, दगड नको. त्या पट्ट्यात वसंतापासून कलश ठेवायला सुरुवात होणार आहे. खुणेच्या खुंट्या लागल्या आहेत. पहिली खुंटी माझ्या हिरवळीत आहे, ती त्यांच्यासाठी. तो खड्डा मीच घेईन. गोल, हातभर खोल. वरच्या गवताची चकती नीट कापून काढली आणि परत बसवली तर गवत धरतं, असं साहेबांनी दुरुस्तीच्या परिच्छेदात लिहिलं आहे.

शुक्रवारी मी अजून तिथे जाते. गवतावर पाय ठेवत नाही, कडेला उभी राहते. पाणी घालायची गरज नाही, दिवस ओले आहेत. बोलायला सुरुवात करते आणि कोणाकडे पाठ करून उभं राहावं ते कळत नाही.

सुहासला सांगायचं एवढंच होतं की शेवटचा अध्याय वाचला, सावकाश वाचला. सांगायला जाण्यासारखी जागा आता राहिली नाही, म्हणून इथे लिहिलं.